उपाशी नवरीची सूज

माझ्या बहिणीच्या लग्नात मुहूर्ताच्या जरा आधी नवरीचं तोंड टम्म सुजलं आणि त्यामुळे आमच्या घराण्यातलं एक मोठं भांडण मिटलं.

असं काहीही झालेलं नाही. लग्न ठरल्या वेळी, ठरल्या नवऱ्याशीच झालं. अल्बम आहे, कुणीही येऊन बघावा. त्यातली काही पानं एकमेकांना चिकटलेली आहेत, ती दमट हवेमुळे. चिपळूणची हवा दमट असते. त्या पानांना डिंकाचा वास येतो, तोही हवेचाच.

तेव्हा जे झालंच नाही ते मुळापासून, म्हणजे शकूकाकीकडच्या केळवणापासून सांगतो.

काकी माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि आमची आई पोस्टात नोकरीला. त्यामुळे तेजलताई चालायला शिकली ती काकीचा पदर धरून, आणि मी शिकलो ताईची वेणी धरून. ताई पुढे पुण्याला शाळेत शिक्षिका झाली, तरी सुट्टीत आली की बॅग आमच्याकडे टाकून जेवायला काकीकडे पळायची. मधल्या दोन आळ्या ओलांडल्या की घर.

त्या दिवशी काकीने पाटाभोवती रांगोळी काढली होती, समया लावल्या होत्या आणि केळीच्या पानावर अगदी मधोमध ओल्या काजूगरांची उसळ वाढली होती. ओला काजू हे काय प्रकरण आहे ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. त्याच्या सालीत चीक असतो. तो कातडीला लागला तर कातडी भाजते, ओठाला लागला तर ओठ सुजतात. म्हणून हाताला खोबरेल चोपडून, विळीवर एकेक बी चिरून, आतला गर अलगद काढावा लागतो. काकीच्या हातून गराला कधी चीक लागला नाही. ती स्वतः याबद्दल अवाक्षर बोलायची नाही. बोलायचं काम बाकीच्या सगळ्यांनी घेतलं होतं, आणि तेच आमच्या बेबीआत्याला सोसत नसे. आत्याकडचं केळवण आदल्या आठवड्यात झालं होतं. त्यात दुकानातलं श्रीखंड होतं आणि त्याविषयी नंतर कुणी एक शब्द काढला नव्हता.

ताईने उसळ दोनदा मागून घेतली. मग मिहीरचा फोन आलाय असं सांगून ती गच्चीत गेली. मिहीर म्हणजे होणारे दाजी. ताईचा मोबाईल काकीच्या फ्रिजवर चार्जिंगला लावलेला होता, हे मी पाहिलं. पण लग्न ठरलेल्या माणसांचं आपसांत कसं बोलणं होतं याचा मला अनुभव नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

ती खाली आली तेव्हा मान खाजवत होती. थोड्या वेळाने गळ्यावर गांधी उठल्या. मग वरचा ओठ फुगला, आणि खालचा ओठ मागे राहायला नको म्हणून तोही फुगला.

आमच्याकडे अंगावर काहीही उठलं तरी ते पित्तच असतं आणि त्यावर आमसुलाचं पाणी चोळतात. विंचू चावला तरी आधी आमसूल, मग रिक्षा. काकीने गच्चीत जुन्या साडीवर आमसुलं वाळत घातली होती. ती स्वतःच आणायला गेली. तिला जरा वेळ लागला. मूठ नाकाशी धरून ती जिना उतरली. मला वाटलं, घाम पुसतेय. ताईकडे एकदा बघून ती आमसुलं भिजत घालायला आत गेली.

तेवढ्यात बेबीआत्याने निकाल लावला.

"वहिनी, राग मानू नका. पण काजूचा चीक राहिला असणार. वय झालं की नीट दिसत नाही."

ते ऐकत काकी बाहेर आली. तिने आमसुलाच्या पाण्याची वाटी आईच्या हातात दिली, ताईचं पान उचललं आणि पान हातात धरूनच बोलली.

"माझ्या हातचं खाऊन पोरीचं तोंड सुजलं असेल, तर त्याच हाताने तिच्यावर अक्षता टाकणं बरं दिसायचं नाही. लग्नाला मी येत नाही."

हे ती आत्याकडे नाही, ताईकडे बघून म्हणाली. ताईने मान खाली घातली. ओठ सुजल्यामुळे तिला बोलता येत नाही, अशी एक सोय झालेली होती.

घरी आल्यावर ती रडली. आईला वाटलं, सुजेमुळे. सूज संध्याकाळपर्यंत उतरली, रडणं उतरलं नाही. काकी नसेल तर बोहल्यावर उभी राहायला माझ्या पायात जीव राहणार नाही, असं ती उशीला सांगत होती. उशी आणि मी एकाच खोलीत होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर परत मिहीरचा फोन आला. या वेळी मोबाईल माझ्याच हातात होता, तरी ताई गच्चीत गेली. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीमागून ढग निघत होता आणि त्याला बेकरीसारखा वास होता. ताईच्या हातात खडूएवढी एक चपटी निळी नळी होती.

"काय आहे हे?"

"वाफ."

"कसली वाफ?"

"अरे साधी. सर्दी झाली की काकी डोक्यावर टॉवेल टाकून द्यायची ना, तसली."

"त्याला आंब्याच्या केकचा वास नसायचा."

मग तिने सगळं सांगितलं. या वस्तूवर, म्हणजे ई-सिगारेटवर, बंदी आहे हे तिला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तिने ती नववीतल्या एका मुलाकडून जप्त केली होती. जप्त वस्तू मुख्याध्यापकांकडे जमा करायची असते, पण मुख्याध्यापक रजेवर होते. मुलं यात एवढं काय बघतात ते शिक्षिकेला ठाऊक असावं, म्हणून तिने एकदा ओढून पाहिली. मुख्याध्यापकांची रजा लांबली. लग्नाचं दडपण आलं. पुढे तिने त्यात भरायची बाटलीही कुठून तरी मिळवली, म्हणजे आता चौकशी खोलात गेली होती.

बोलता बोलता ती मान खाजवू लागली. मी मानेकडे बघितलं, नळीकडे बघितलं आणि बाटली मागून घेतली.

मी तेव्हा बी.फार्म.ला होतो. निदान कॉलेजचा तसा समज होता. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद. ग्लायकॉलवर मी एका परीक्षेत नापास झालो होतो, त्यामुळे तेवढा एकच पदार्थ माझ्या कायमचा लक्षात होता. मलमांत असतो, औषधांत असतो, बहुतेकांना काही करत नाही, थोड्यांना करतो. ताई बारावीत असताना तिच्या कानात थेंब घातले होते तेव्हा कान पापडासारखा फुलला होता. त्या वेळी घरच्यांनी त्याला पित्त म्हणून कानामागे आमसूल चोळलं होतं. त्या थेंबांत हेच असतं, हे मला उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर कळलं होतं.

आम्ही पडताळा घेतला. काकीने केळवणाच्या दिवशीच उसळीचा एक डबा आमच्याकडे पाठवला होता. ताईने ती नळी माझ्या ताब्यात दिली आणि एक दिवस नुसती उसळ खाल्ली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत खाल्ली. काही झालं नाही, फक्त उसळ संपली, आणि त्यात माझाही हात होता. मग साधा वरणभात खाऊन तिने नळीचा एकच झुरका घेतला. आमटीला फोडणी बसेपर्यंत गळ्यावर गांधी हजर. ग्लायकॉल की तो आंब्याचा स्वाद, हे मला छातीठोक सांगता येईना. पण काजू नव्हता एवढं पक्कं झालं.

"आता जा आणि काकीला सांग," मी म्हणालो.

ताईने उत्तर म्हणून लग्नाची पत्रिका माझ्यापुढे धरली. तिचे होणारे सासरे दत्ताराम खेराडे तालुक्याच्या व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष होते. पत्रिकेत तळाशी छापलं होतं: 'कृपया आहेर आणू नये. आपली निर्व्यसनी राहण्याची शपथ हाच आम्हांस आहेर.' ही शपथ ते मुहूर्ताआधी माइकवरून स्वतः देणार होते. काकीला सांगितलं की आईला कळणार, आईला कळलं की बेबीआत्याला, आणि बेबीआत्याला कळलं की खेराड्यांना कळवायला टपालखात्याची गरज नव्हती.

"तू सांग काकीला," ताई म्हणाली. "माझं नाव न घेता."

"मग कुणाचं घेऊ?"

"तुझं घे."

"मी ओढतो आणि सुजतेस तू, हे कोणत्या पुस्तकात आहे?"

तरी मी गेलो. काकीने स्वयंपाकघराला चक्क कडी घातली होती. ओसरीवर बसून ती खानावळीचा डबा खात होती आणि प्रत्येक घासाला त्या खानावळवाल्याची कीव करत होती. मी तुझी उसळ परत खाल्ली आणि मला काहीच झालं नाही, असं मी तिला पुरावा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुला काय होणार, तुझं तोंड तर निकालाच्या दिवशीही उतरत नाही. मग घास हातातच ठेवून तिने विचारलं,

"तुला तेजूने पाठवलं?"

मी नाही म्हणालो.

"मग जा."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात सगळे होते, काकी नव्हती. ताई गौरीहराशी बसली होती. नवरी त्या दिवशी उपाशी असते. पहाटेपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ती अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत होती आणि दर मुठीला दाराकडे बघत होती.

मी बाहेर मांडवात आलो, तर डेकोरेशनवाला स्टेजसमोर एक काळी पेटी जोडत होता. नवरी ढगांतून चालत आली पाहिजे अशी मिहीरची इच्छा होती. कोरड्या बर्फाचा धूर महाग पडतो, म्हणून हे पातळ द्रव घालायचं मशीन आणलं होतं. मी द्रवाचा कॅन फिरवून मागचं वाचलं. आयुष्यात दुसऱ्यांदा माझं नापास होणं कामी आलं.

मी आत जाऊन ताईच्या कानात सांगितलं की ढग रद्द करतो, त्यात तेच आहे. तिने मूठभर तांदूळ हातातच धरून ठेवले.

"काल जेवायला मी कुठे होते?"

"बेबीआत्याकडे."

"आणि आज?"

"आज तू उपाशी."

ताई माझ्याकडे बघत राहिली. गणिताच्या बाई फळ्यावर उत्तर न लिहिता वर्गाकडे बघतात, तशी.

"किती सुजेन?"

"बारक्याशा झुरक्याने मान लाल झाली होती. हे मशीन आहे, ताई. श्वास अडकला तर?"

"मिहीरची डॉक्टर मावशी कुठे बसलीय?"

मी पाहून आलो. नंदिनीमावशी त्वचेच्या डॉक्टर, रत्नागिरीहून आलेल्या, पहिल्याच रांगेत होत्या आणि पर्स मांडीवर होती. ताई म्हणाली, मग एकदाच सोडायला सांग, थोडासाच. मी डेकोरेशनवाल्याला सांगितलं, दादा, एकदाच, थोडासाच. त्यानेही मान डोलावली. मशीनला मात्र कुणी विचारलं नाही.

मामाच्या मागून ताई निघाली, डेकोरेशनवाल्याने बटण दाबलं आणि ते बटण वर येईना. पांढरा लोट स्टेजवरून उतरला, पहिल्या रांगेत शिरला, दुसऱ्या रांगेत शिरला, आणि पंगतीची पानं मांडली होती तिथेही डोकावून आला. नेमक्या त्याच वेळी खेराडे शपथ देत होते.

"मी कोणत्याही प्रकारचा धूर," माइकमधून आवाज आला.

"मी कोणत्याही प्रकारचा धूर," अख्खा मांडव धुरात उभा राहून म्हणाला.

"शरीरात घेणार नाही."

मांडव खोकला. कुणाचा तरी हात माझ्या डोक्यावर अक्षता टाकून गेला. शेवटी कुणीतरी मशीनची वायर उपटली आणि ढग ओसरला, तेव्हा ताई स्टेजच्या पायरीवर बसली होती. मुंडावळ्यांच्या खाली दोन्ही ओठ फुगलेले, गळ्यावर गांधी.

नंदिनीमावशींनी तिला बाजूला नेऊन आधी श्वास नीट चालतोय ना ते बघितलं, मग पर्समधली गोळी दिली. आईने आमसुलाचं पाणी पुढे केलं, तेव्हा त्यांनी ते हातानेच थांबवलं आणि सांगितलं की ओठ सुजून दम लागला तर याच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. मग विचारलं, हिने खाल्लं काय आज?

आई म्हणाली, काहीच नाही, गौरीहर आहे.

"मग काल?"

सगळ्यांची तोंडं बेबीआत्याकडे वळली. आत्याच्या चेहऱ्यावरून एक अख्खा आठवडा सरकत गेला.

"माझ्या जेवणाने कुणाला काही होत नाही," ती म्हणाली. "धूर आहे हा. सरळ दिसतंय. धुराने झालंय."

"याआधी कधी असं झालं होतं?" मावशींनी विचारलं.

"वहिनींकडे झालं होतं," आत्या घाईने म्हणाली. "तोही धूरच असणार. त्यांच्या चुलीचा."

काकीकडे गॅस होता.

"म्हणजे काजू नव्हता, आत्या," ताई सुजल्या ओठांनी एकेक शब्द जपून बाहेर सोडत म्हणाली. "काकीला घेऊन या. ती आल्याशिवाय मी अंतरपाटासमोर उभी राहणार नाही."

भटजींनी घड्याळाकडे बघितलं. बेबीआत्या पैठणी सावरत माझ्या स्कूटरवर मागे बसली आणि वाटभर माझ्या पाठीशी भांडत राहिली.

काकी दारातच होती. इरकल नेसून, चपला घालून, मांडीवर डबा घेऊन बसलेली.

"कुठे निघालात, वहिनी?" आत्याने विचारलं.

"कुठे नाही. तुम्ही का आलात?"

आत्याने घसा खाकरला. ती अंगणातल्या अबोलीकडे बघत म्हणाली की काजूत चीक नव्हता. काकी म्हणाली, ऐकू आलं नाही, वय झालंय. आत्याने ते परत, मोठ्याने सांगितलं. शेजारची खिडकी उघडली. मग आम्ही तिघं एका स्कूटरवर बसून मुहूर्ताला निघालो. डबा माझ्या गळ्यात होता.

नवरीच्या खोलीत शिरल्यावर काकीने ताईची हनुवटी वर केली आणि बराच वेळ तो चेहरा बघितला.

"बाय, मुद्दाम केलंस?"

ताईने हो म्हणून मान हलवली. काकीने तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या, डोळ्यांखालचं ओघळलेलं काजळ पदराने टिपलं आणि म्हणाली, चल, मिटलं.

तेवढ्यात नंदिनीमावशी गोळीचं नाव लिहून द्यायला आत आल्या. कशाची ॲलर्जी आहे ते कळायला पॅच टेस्ट करून घे, असं त्यांनी ताईला सांगितलं. जाता जाता दाराशी थांबल्या.

"आणि जो धूर तू आजवर कधीच घेतलेला नाहीस, तो परत घेऊ नकोस."

ताईने घेतला नाही. सुट्टी संपल्यावर तिने नळी आणि बाटली मुख्याध्यापकांकडे जमा केली. सासरे मात्र अजूनही दर व्याख्यानात तिचं उदाहरण देतात. आमची सून, ते सांगतात, इतकी निर्व्यसनी की लग्नातल्या नुसत्या मशीनच्या धुराने तिचं तोंड सुजलं. श्रोते टाळ्या वाजवतात. ताई पहिल्या रांगेत बसून मान खाली घालते आणि लोकांना तो विनय वाटतो.

राहता राहिलो मी. लग्नाच्या पंगतीत काकीने आणलेला डबा उघडला. त्यात उसळ होती. ताईला वाढली, मिहीरला वाढली, बेबीआत्याला तर समोर उभी राहून वाढली. मी पान पुढे सरकवलं.

"त्या दिवसापासून माझ्या आमसुलांना केकचा वास येतोय," काकी हळूच म्हणाली. "गच्चीत पाऊल टाकलं तेव्हाच कळलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बेबीपुढे बोलले असते तर आज ही पंगत बसली असती का? आणि बेबीचं काय, ती बोलतेच. मी पोरीची वाट बघत होते." तिने डाव उसळीत तसाच ठेवला. "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि ओसरीवर येऊन मला नाही म्हणालास."

मी पानातल्या मिठाकडे बघितलं.

"ती सुजली, तिचं फिटलं," काकी म्हणाली. "तू कुठे सुजलास?"

आणि डबा घेऊन पुढच्या पानाकडे गेली. त्यानंतर काजूचे कितीतरी हंगाम आले नि गेले. काकीकडे मला बाकी सगळं मिळतं, सांदण मिळतं, मोदक मिळतात, मायाही मिळते. उसळ वाढताना मात्र तिचा डाव माझ्या पानावरून विमानासारखा वरून जातो.

सबब, श्रीमती शकुंतला रेडीज, स्वयंपाकघर, यांस सविनय विनंती की, सदर प्रकरणाचा फेरविचार व्हावा. अर्जदाराच्या अंगावर आजतागायत एकही गांध उठलेली नाही ही बाब त्याच्या विरोधात धरण्यात येऊ नये. आणि चालू हंगामात ओल्या काजूगरांच्या उसळीची एक वाटी, रस्सा कमी, गर जास्त, अशी मंजूर होऊन मिळावी. सोबत: रिकामी वाटी, धुतलेली.